बिनहळदीचा भात

लिंबाची साल खिसून भातात घालतात, हे मी सत्तरी ओलांडल्यावर पाहिलं. आमच्याकडं लिंबू पिळायचं आणि साल भांडी घासायला ठेवायची. माझी लेक वाळूजच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते, तिथून ती हा प्रकार शिकून आली. पुण्याचा नवरा सोडून ती परत आली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिचे वडील त्याच्या आठ महिने आधी गेले. मुलगा मला नाही. हर्सूलला दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो.

माझे गुडघे गेलेले आहेत. सकाळी मला संडासातून हाताला धरून उठवावं लागतं. ते लेक करते, मग कंपनीची बस पकडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं त्याचं कारण एवढंच आहे. दुसरं मोठं काही शोधू नये.

गंगापूरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं लेकीसाठी स्थळ आणलं. माणूस चाळिशीचा, बायको दीड वर्षामागं वारलेली, मूलबाळ नाही. थोडा ऊस आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. बहिणीच्या घरी दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि दोघांना पटलं होतं. राहिली होती त्याची आई. ती आमच्याकडं जेवायला येणार आणि जेवून होकार सांगणार, असं ठरलं. त्या आठवड्यात लेक भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती. ती सदतीस वर्षांची होती. याच्यामागं दुसरं स्थळ रांगेत उभं नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

कॅन्टीनमध्ये साहेब लोक मागून खातात तो भात करायचा, असं तिनं ठरवलं. आदल्या दिवशी येताना छावणीच्या बाजारातून कोथिंबीर, पुदिना, लिंबं आणि एक मोसंबी घेऊन आली. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते. तिनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, मीठ टाकलं आणि भिजवलेले तांदूळ सोडले. दाणा आत जरा टणक असतानाच ते चाळणीत ओतून परातीत पसरले, वर दोन चमचे तूप सोडलं. मग खिसणीच्या बारीक बाजूवर लिंबं हलक्या हातानं फिरवली. मोसंबी पण तशीच.

"वरची साल तेवढीच घ्यायची," ती म्हणाली. "खालचं पांढरं आलं की कडू होतं."

खिसलेली लिंबं ताटलीत पांढरीफटक पडली होती.

"हजामत केली का गं त्यांची?" मी म्हणाले.

"तुझी राहिलीय अजून. सरक इकडं."

भात निवल्यावर तिनं पाला बारीक चिरून घातला आणि शेवटी लिंबाचा रस. गरम भातावर रस पडला की कोथिंबीर काळी पडते म्हणे. मी विचारलं, फोडणी कधी देणार. ती म्हणाली, याला फोडणी नसते, तेलाच्या वासात पुदिना मरतो. मग परातीकडं बघत उभी राहिली.

"पांढराच दिसतोय, नाही का? चिमूटभर हळद घालू?"

आमच्यात घरात मयत झालं की दहा दिवस स्वयंपाकात हळद नाही, फोडणी नाही. भात पांढरा, भाजी नुसती उकडलेली. तसा भात ताटात दिसला की माझ्या वयाच्या बाईला काही विचारावं लागत नाही. लेकीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या कळत्या वयात आमच्या घरात एकच मरण झालं, तिच्या वडलांचं, आणि तेव्हा नवऱ्यानं तिला दहाव्याला सकाळी आणलं आणि संध्याकाळी परत नेलं. घरातलं जेवण तिनं चाखलंही नाही.

"हळद कशाला?" मी म्हणाले. "छान दिसतोय."

तिच्या स्वयंपाकाला मी तोवर कधी छान म्हटलं नव्हतं. ती सदतीस वर्षांची बाई लाजली.

तेव्हा मी पुढचं ठरवलं होतं असं नाही. एका चिमटीनं भागलं असतं आणि ती चिमूट मी घालू दिली नाही, एवढंच तेव्हा झालं होतं.

दुपारी पाहुणे आले, बहीण बरोबर होती. मुलाची आई वाळलेली, पण नजर आणि कान दोन्ही शाबूत. बसल्या बसल्या तिनं फळीवरची भांडी, कॅलेंडर, माझे पाय सगळं बघून घेतलं.

"पोरगी कामाला जाती म्हणं. मग भाकरी कोण थापतं?"

"सकाळी थापून जाती," माझी बहीण म्हणाली.

"म्हंजे दुपारी गार."

"आई, मी दुकानात गारच खातो," मुलगा म्हणाला. "तिथं कुठं तवा ठेवलाय?"

आतून लेकीचं हसणं ऐकू आलं. तिनं ताटं आणली. वरण, पोळी, शिरा हे मागून येणार होतं. आधी भातच वाढला, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर. माणसाच्या नखांत काळं बसलेलं होतं, हात घासून आला होता तरी निघालं नव्हतं. त्यानं दोन घास खाल्ले आणि थांबला.

"हे काय घातलंय?"

"लिंबाची साल. आणि मोसंबीची."

"साल? मग आतलं कुणी खाल्लं?"

"आईनं," लेक म्हणाली.

तो हसला, ताट पुढं केलं आणि म्हणाला, "अजून वाढा." लेक वाढायला वाकली आणि तीही हसली. परत आल्यापासून या घरात ती तशी हसली नव्हती. तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की ही जाणार. दिवाळीच्या आत जाणार. आणि मी त्या संडासात भिंतीला धरून बसणार.

म्हातारीनं अजून घास घेतला नव्हता. बोटानं भात चिवडत होती.

"याला फोडणी नाय," ती म्हणाली. "हळद बी नाय." मग माझ्याकडं वळली. "तुमच्यात असाच करत्यात का?"

शहरात नवीन प्रकार निघालाय, पोरींना हौस असते, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. माझी बहीण तेच म्हणायला तोंड उघडत होती.

"आमच्यात सुतकात करतात," मी म्हणाले.

माणसाचा हात ताटातच राहिला. त्याच्या आईनं तांब्या उचलला आणि ताटातच, त्या भातावर, हात धुतला.

"माझी सून जाऊन दीड वरीस झालं," ती म्हणाली. "तिचं सुतक आम्ही आमच्या घरी पाळलं. तुम्ही परत कशाला जेवू घालता?"

ती उठली. तो लेकीकडं बघत होता, पण आईनं नाव घेऊन हाक मारल्यावर उठला. लेकीच्या हातात भाताचा डाव तसाच होता.

बहीण दारात चपला घालताना मला म्हणाली, "तुला लेक नकोय. मोलकरीण पायजे."

"मग तू ये मला उठवायला," मी म्हणाले. "रोज सकाळी सहाला, गंगापूरहून."

ती गेली. घरात आम्ही दोघी राहिलो.

"खरं आहे का ते, सुतकाचं?" लेकीनं विचारलं.

"व्हय."

"मी सकाळी विचारलं होतं, हळद घालू का म्हणून."

"व्हय."

"आणि तू छान म्हणालीस."

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं, त्यात परातीतला भात वाढला आणि म्हणाली, "खा." मी खाल्ला. भात चांगला झाला होता. साल दाताखाली येत नव्हती, पण तिचा वास प्रत्येक घासाला होता. मी दुसऱ्यांदा मागितला. तिनं वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला नेहमीसारखं उठवलं. हात ना सैल होता, ना जास्त घट्ट. बारा दिवस असे गेले. मग सुट्टीच्या दिवशी आरशासमोर वेणी घालताना तिनं सांगितलं, "गंगापूरला चाललेय. तू मुद्दाम केलंस हे त्याला सांगणार आहे."

"सांग."

ती एसटीनं गेली. त्या दिवशी मी पाणी प्याले नाही, उठायची वेळ येऊ नये म्हणून. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती आली, पाय धुतले आणि माझ्यासमोर खाटेवर बसली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"त्याला कळलंच होतं. तुझं तोंड बघत होता म्हणे तेव्हा."

"मग?"

"आई आहे तोवर घरात माझं नाव काढता येणार नाही, म्हणाला. थांबशील का, म्हणाला."

"तू काय सांगितलंस?"

"थांबते म्हणून सांगितलं." तिनं पदरानं मान पुसली. "त्याची आई एक्क्याऐंशीची आहे, दम्याची. तुझं वय नेमकं किती गं?"

आवाजात राग नव्हता. पुढची बस किती वाजता आहे, असं विचारावं तसं विचारलं.

माझ्या आधार कार्डावर बहात्तर आहे. मला शाळेत उशिरा घातलं, म्हणून वडलांनी मास्तरांना सांगून तीन वर्षं कमी लावून घेतली. मी चौथीत शाळा सोडली, पण दाखल्यावरचं ते वय पुढं सगळ्या कागदांवर चढत गेलं. लेकीला हे माहीत नव्हतं. तिच्या वडलांनाही मी कधी सांगितलं नव्हतं.

"पंचाहत्तर," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

 ती "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला उठली.