लाईट गेल्यावरचा फोन

बालाघाटच्या आमच्या घरी फोन आणि रडतखडत चालणारं इंटरनेट एकाच तांब्याच्या तारेवर होतं. फायबरवाला दारात आला, तेव्हा रिटायर्ड हेडक्लार्क असलेल्या बाबांनी त्याला फाटकातच अडवलं.

"लाईट गेल्यावर तुमच्या फायबरचा फोन चालते का?"

तो प्रामाणिक निघाला. "नहीं चलेगा, बाबूजी."

"मंग बिजली ऑफिसले काय बोंबलून सांगू?"

गल्लीची कंप्लेंट नेहमी बाबाच करत. फायबरवाला चहा पिऊन गेला. मी बाबांच्या नावानं बोटं मोडत बसलो.

आठवड्यातच लाईट गेली. बाबांनी ऐटीत नंबर फिरवला. आमचा फोन ठणठणीत, बिजली ऑफिसचा मुका. शेवटी मीच स्कूटरवर गेलो. तिथं नुकतंच फायबर लागलं होतं.