बेचाळीसची लेन्स आणि सासऱ्यांचा कॅमेरा

पेणला आमच्या मुलीचं बारसं होतं. आदल्या दुपारी मी रोह्याहून सासुरवाडीला पोचलो, तो सासऱ्यांवर छाप पाडायच्या बेतानंच. त्यांच्याकडे रिळाचा जुना कॅमेरा आहे. लेन्स आट्यांवर फिरवून बसवायची, तसला. घरातल्या प्रत्येक बारशाचे फोटो त्यांनी त्यानंच काढलेत. असा कॅमेरा आता कुठं बनत नाही, आणि ते तो कुणाच्या हातात देत नाहीत. त्यांना भेट म्हणून मी लांबचं टिपणारी एक जुनी लेन्स ऑनलाइन मागवली होती. कॅमेऱ्याचं तोंड बेचाळीस मिलिमीटर, लेन्सही बेचाळीस. आणखी काय बघायचं?

सासरे वामकुक्षीला गेले, तशी मी त्यांची लेन्स काढून माझी फिरवली. अर्धा वेढा गेली आणि अडली. शहाण्या माणसानं तिथं थांबावं. मला वाटलं, जुना माल, जोर लागणारच. लावला. मग ती पुढंही जाईना, मागंही येईना. रुंदी सारखी असून भागत नाही, हे नंतर कळलं. माझ्या लेन्सचे आटे बारीक होते, कॅमेऱ्याचे जाड. विकणाऱ्यानं तसं लिहिलंही होतं. मी फक्त बेचाळीस वाचलं.

सासरे उठले, बघितलं आणि आतल्या खोलीकडे वळले. जावयाशी थेट बोलायचं नाही, हा त्या घरचा नेम. बोलायचं ते आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला. ती आत बाळाला पाजत होती.

"गो, तुझ्या यजमानांना सांग, कॅमेरा म्हणजे लोणच्याची बरणी नाय."

"ऐकतायत ते," ती आतून म्हणाली.

आटे गेले असतील तर उद्याचे फोटो गेले, आणि कॅमेराही कायमचा गेला, हे मला कुणी सांगायला नको होतं. सासऱ्यांनी मांडीवर बाळाचं दुपटं पसरलं. मी कॅमेरा धरायचा, ते लेन्स हलकेच दाबून उलटी फिरवणार. सूचना मात्र आतल्या खोलीतून वळसा घालून यायच्या. त्यांना सांग घट्ट धरा, सांग तिरपा करू नका. बायको दर वेळी हसू दाबत तेच इमानानं पुन्हा म्हणायची. तेवढ्यात माझा हात घामानं सरकला.

"अरे गाढवा, नीट धर की."

हे थेट मला होतं. मी जीव खाऊन कॅमेरा धरला आणि लेन्स सुटली.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून आटे न्याहाळले, बोट फिरवलं, मग स्वतःची लेन्स लावली. ती मुकाट्यानं शेवटपर्यंत गेली, तिच्यावरची खूण बरोबर वर आली. गाढव म्हणवून घेतल्यावर इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

बारशाचं रीळ धुऊन आलं, तर सगळे फोटो छान. पाळण्याशेजारी मी प्रत्येक फोटोत हात मागं बांधून उभा आहे. तसं उभं राहायला सासऱ्यांनीच सांगितलं होतं, आणि तेही बायकोमार्फत नाही, थेट मला.