आधी रेघ, मग दांडा

आमची मुलुंडची मराठी शाळा बंद होणार हे नक्की झालं, तेव्हा माझ्या पहिलीच्या वर्गात अकरा मुलं उरली होती. एकोणीस वर्षं मी तिथे बाई होते. नवऱ्याची कंपनी कांजूरमार्गहून भिवंडीच्या पलीकडे हलली तेव्हा त्याची नोकरी गेली होती, म्हणजे घर माझ्यावरच. बेचाळिसाव्या वर्षी मराठी शिकवणाऱ्या बाईला कोण ठेवून घेणार?

घाटकोपरला एका क्लासमध्ये मी दोन वर्षं हौसेखातर चिनी शिकत होते. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, ते सोडा. तिथले सर कोकणातले, चीनमध्ये शिकून आलेले, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांना लहान मुलांची नवी तुकडी काढायची होती आणि मुलांना सांभाळणारी बाई हवी होती. बोलणं-वाचणं तुमचं ठीक आहे, ते म्हणाले, पण फळ्यावर वीस अक्षरं काढून दाखवा. विसाच्या वीस, रेघांच्या क्रमासकट.

चिनी अक्षरात कुठली रेघ आधी आणि कुठली मागून हे ठरलेलं असतं. बहुतेक वेळा वरची आडवी आधी. माझा हात मात्र आधी खालचं सगळं काढून घ्यायचा आणि मग ऐटीत डोक्यावर रेघ ओढायचा. ओढणारच. एकोणीस वर्षं पोरांकडून तेच गिरवून घेतलं होतं, आधी अक्षर, रेघ शेवटी. जित्याची खोड.

महिनाभर मी ओट्यापाशी, जुन्या पाटीवर, गॅसवर दूध ठेवून गिरवलं. नवरा समोर चहा घेऊन बसायचा. त्याला चिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोक्यावरची रेघ उशिरा आली की तो बोटाने टेबल वाजवायचा. एकदा मी चिडून पाटी आपटली. त्याने पाटी उचलून पुसून पुन्हा माझ्यापुढे ठेवली. मी नापास होणं त्याला परवडणार नव्हतं आणि मलाही नाही.

परीक्षेच्या दिवशी क्लासमध्ये आम्ही दोघंच. सर अक्षर सांगायचे, मी पांढऱ्या फळ्यावर मार्करने काढायचे, आणि ते अक्षराकडे बघतच नव्हते, माझ्या मनगटाकडे बघत होते. शेजारच्या रिडेव्हलपमेंटवर ड्रिल चालू होतं, त्याने डोकं उठलं. सतरा अक्षरं बरोबर आली. अठरावं त्यांनी सांगितलं, ‘खाली’ या अर्थाचं, आणि ड्रिलचा आवाज नको म्हणून ते उठून खिडकी लावायला गेले.

हे अक्षर तीन रेघांचं. वर आडवी, मग मधून खाली दांडा, शेवटी दांड्याच्या उजवीकडे छोटं टिंब. पहिलीतल्या पोराला जमावं असं. खिडकी बंद झाली आणि खोली एकदम शांत झाली. माझ्या हाताने दांडा ओढला, टिंब दिलं आणि मग वर रेघ मारली.

मारताना कळलं. सरांची पाठ अजून माझ्याकडेच होती, ते कडी बसवत होते. फळ्यावरचं अक्षर अगदी पुस्तकातल्यासारखं, त्यात कुठे चूक म्हणून दिसत नव्हती. पुसावं का, सांगावं का? ते वळले, अक्षराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मग त्यांनी पुढचं अक्षर सांगितलं.

उरलेली दोन्ही बरोबर आली. मी मार्करला टोपण लावलं. विसाच्या वीस, असंच मी मनात धरून चालले होते. लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर सुटल्याचा आनंद त्याहून जास्त होता.

सर म्हणाले, “मॅडम, टिंब टक् करून वाजतं. अठराव्याला ते शेवटी नाही, मधेच वाजलं.”

मी म्हटलं, सवयीने गेला हो हात, घाबरले होते.

“हात कोणाचाही जातो, माझाही जातो,” ते म्हणाले. “तरी मी तुम्हाला घेतलंच असतं. वळल्यावर थांबलो होतो ना मी, तुम्ही सांगाल म्हणून. पोरं तर फक्त तुमचा हात बघून शिकणार.”

आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते. त्यांनी फळा पुसला आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि तोंडाकडे बघूनच ओळखलं. एवढंच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एक अक्षर चुकलं रे. बिचारा कितीतरी वेळ मला समजावत राहिला, की एका अक्षरासाठी कोणी असं करतं का, माणूसच वाईट असणार तो. मी हो म्हटलं.