मैदानापुरत्या लेन्स

मुलगी सहावीत गेली तेव्हा तिच्या चष्म्याचा नंबर उणे साडेपाच झाला होता. बोळिंजला आमच्या घराजवळच्या शाळेत ती खो-खो खेळायची, तेही चष्मा दप्तरात ठेवून. एकदा तो मैदानात कुणाच्या तरी पायाखाली आला होता, तेव्हापासून.

एका सामन्यात पळणाऱ्या मुलीने तिला लागोपाठ तीनदा हुलकावणी दिली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "आई, मला समोरचीचे डोळेच दिसत नाहीत. ती कुठे वळणार ते डोळ्यांत आधी कळतं." मग उतरता उतरता, "मला लेन्स हव्यात."

मी लगेच नाही म्हटलं. अकरा वर्षांच्या पोरीने डोळ्यात बोट घालायचं, ही कल्पनाच मला सोसेना. पण समोरचीचे डोळेच दिसत नाहीत, हे वाक्य डोक्यातून जाईना. मलाही तिच्याच वयात चष्मा लागला होता. उमेळ्याच्या शाळेत मी बरी पळायचे. चष्मा लागल्यावर हळूहळू गुण मांडणाऱ्या मुलींत जाऊन बसू लागले. कुणी बसवलं नव्हतं. कुणी का बसलीस असंही विचारलं नाही.

शेवटी मी तिला विरारला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलल्या. "हात धुतल्याशिवाय लेन्सला शिवशील?"

"नाही."

"लेन्स घालून झोपशील?"

"नाही."

"मग तीनदा घालून, तीनदा काढून दाखव. जमलं तर देते."

पाऊण तास लागला. डोळ्यांतून धारा, नाक लाल. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "तू बाहेर बस ना." मी बाहेर बसले. ती आली ती मान इकडे-तिकडे वळवतच. "आई, कडाच नाहीत गं! बाजूचंपण दिसतंय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून मात्र घुश्शात आली. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, किती छान दिसतेस. "म्हणजे आधी वाईट दिसत होते का?" इतकी वर्षं आरशासमोर मीही हेच विचारत आले होते.

खेळ सुधारला. मग एका शनिवारी दुपारी दमून ती लेन्स घालूनच झोपली, आणि उठली ती लालभडक डोळा घेऊन. मी खूप बोलले. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले आणि पंधरा दिवस फक्त चष्मा, असं बजावलं. त्यातच तालुक्याचा सामना होता. ती रडली, पण गेली. चष्मा लावून मैदानाच्या कडेला बसली आणि मध्यंतरात आपल्या मुलींना सांगत राहिली, "ती उंच मुलगी खांबाजवळ नेहमी आतूनच वळते, बघा." सामना आम्ही हरलोच. पण ती उंच मुलगी दुसऱ्या डावात लवकर बाद झाली, आणि आमच्या मुलींनी वळून हिच्याकडे पाहिलं.

डोळा बरा झाल्यावर लेन्स पुन्हा हातात देताना मला भीती वाटत होती. तिनेच ठरवून टाकलं: लेन्स मैदानापुरत्या, घरी आल्या आल्या काढायच्या, वर्गात आणि घरी चष्मा. मी विचारलं, "वर्गात का नाही?"

"चष्म्यातून फळा दिसतो की," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

तिला चष्म्याची लाज वाटत असेल, असं मी इतके दिवस धरून चालले होते. ती लाज माझी होती. तिला फक्त खेळायचं होतं.