अर्जंट म्हणायचं नाही

मामीने मामांना फोनवर "सवडीने या" असं सांगितलं, हे कळल्यापासून माझं डोकं सुन्न झालंय. छातीत कळ येत असताना कोणी असं बोलतं?

मामा लिफ्ट दुरुस्त करतात. कंपनीत फोनवर बसणाऱ्या ताई प्रत्येक तक्रारीला 'अर्जंट' चिकटवतात. लिफ्ट बंद पडली तरी अर्जंट, आतला दिवा लुकलुकला तरी अर्जंट. नव्या नोकरीत मामा भरल्या ताटावरून उठून पळायचे. एकदा असेच धापा टाकत सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचले, तर तिथे राहणाऱ्या साहेबांची तक्रार काय? लिफ्टमधल्या आरशात चेहरा धुरकट दिसतो! मामांचं टाळकंच सरकलं. "सगळंच अर्जंट, म्हणजे काहीच अर्जंट नाही," हे तेव्हापासून त्यांचं ब्रह्मवाक्य. वाटेत जी इमारत आधी लागेल, ती आधी. फार अर्जंट-अर्जंट करणारे शेवटी. खरंच कोणी आत अडकलं, तर वॉचमन थेट त्यांच्याच फोनवर बोंबलतो, म्हणून हे खपून जायचं.

घरातही तोच कायदा. "अर्जंट साखर आणा" म्हटलं की मामा वाचून झालेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून उघडायचे. मामी मला डोळा मारायची. "यांना उठवायचं असेल ना, तर 'घाई नाही' म्हणावं. बघ कसे उठतात!" आणि मामा खरंच उठायचे. आम्ही पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याचीच चीड येते.

परवा दुपारी मामीला दरदरून घाम फुटला. शेजारच्या काकू तिच्यापाशीच होत्या. "ते आले की जाऊ दवाखान्यात," असं म्हणत मामीने फोन लावला. "जरा घरी या. घाई नाही, सवडीने या." मामा तेव्हा लिफ्टच्या टपावर बसून दोराला ग्रीस लावत होते. "हो हो, आलोच," म्हणाले. ते काम उरकलं. वाटेत आणखी एक लिफ्ट होती, तीही उरकली. घरी पोचले तेव्हा मामी बोलत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले आणि "उशीर झाला" एवढंच म्हणाले. मला खरंच वाटेना. सकाळीच तर मामीने मला फोनवर झापलं होतं, घरी फिरकत नाहीस म्हणून.

मामा काकूंवर खेकसले, "अहो, मला नीट सांगायचं तरी! मी काय आलो नसतो?"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मी म्हटलं होतं त्यांना, अर्जंट आहे म्हणून सांगा. तर माझा हात दाबून म्हणाल्या, 'नको हो. तसं म्हटलं की ते शेवटी येतात.'"

मामांच्या हातात अजून ग्रीसचं फडकं होतं. तेच त्यांनी तोंडात कोंबलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.