नरभक्षक सरदाराची पेज

माझ्या जावेच्या भावाइतका काळा आणि त्याच्याइतका अदबशीर माणूस अख्ख्या डिलाईल रोडवर झाला नाही. जिन्यात मांजर आडवं बसलं तर त्यालाही "वायच सरतंस?" म्हणून विचारायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घोषणा सुरू व्हायच्या आधी शेजारच्या पोलिसाला सांगायचा, "हवालदारानू, कान सांभाळा हां, आता आमी आराडतलो." लाठी पहिली त्यालाच पडली, पण खोड गेली नाही.

एकदा हरताळात गिरणी बंद असताना एक दलाल चाळीत काळी माणसं शोधत आला. परळच्या एका स्टुडिओत आफ्रिकेच्या जंगलाचा सिनेमा चालला होता. ह्याला नेला, आणि मुळात एवढा काळा असून वर आणखी काजळी फासली. कमरेला गवत, हातात भाला, उड्या मारायच्या आणि "हुबा हुबा" ओरडायचं. ह्याने डायरेक्टरला सांगून पाहिलं, "साहेब, मी बंदरावर आफ्रिकेचे खलाशी बघितलेत. एकाने टोपी काढून माझ्याकडे पाणी मागितलं. असं कोणी ओरडत नाही." डायरेक्टर म्हणाला, "पब्लिक को यही मंगता है."

सिनेमा लागला आणि नळावर पोरं ह्याच्या आठ वर्षांच्या मुलीभोवती "हुबा हुबा" करत नाचली. ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, उद्यापासून माका शाळेत सोडूक येव नको." लाठी खाऊन हसणारा माणूस त्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, "सोड रे ते सोंग." तर म्हणतो, "आता सोडलंय तर माझा चेडू माका तसोच लक्षात ठेवतला."

पुढच्या सिनेमात त्याला नरभक्षकांचा सरदार केला. हिरॉईन खांबाला बांधलेली, हा भाला रोखून पुढे. डायरेक्टर म्हणाला, "कुछ भी बोलो, जंगली भाषा में." ह्याने डोळे वटारले आणि गर्जना केली, "बाये, भिया नको! तुका कोण काय करूचो नाय! दमली असशील, आदी वायच पेज जेव!" डायरेक्टर खूश. असली जंगली भाषा त्याने ऐकली नव्हती.

लालबागच्या थेटरात मी त्याच्या मुलीला ओढूनच नेलं. ते वाक्य आलं आणि सगळं कोकणी गिरणगाव खुर्चीवर उभं राहिलं. शिट्ट्या, टोप्या, आरडाओरडा. मुलगी सगळ्यांच्या वरताण किंचाळली, "गप ऱ्हवा! माझो बापूस बोलता हा!" आणि लोक खरंच गप्प झाले. शेवटी हिरोने सरदाराला गोळी घातली, तर पब्लिकने हिरोच्या आईबापांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी ती बापाचं बोट धरून नळावरून मुद्दाम दोनदा गेली.

सिनेमावाल्यांना कोणीतरी अर्थ सांगितला, मग त्याला परत बोलावणं आलं नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सून टीव्हीवर इंग्रजी सिनेमे लावते. त्यातला काळा माणूस अजूनही सगळ्यांच्या आधी मरतो. तो दिसला की मी सुनेला आवाज वाढवायला सांगते. मला इंग्रजी कळत नाही, पण मरायच्या आधी तो काय म्हणतो ते कोणीतरी ऐकायला हवं.