‘ओसाड’ हा शब्द मी सुचवला

आमच्या विद्यापीठाच्या निवासी महाविद्यालयात शिरलात की डाव्या हाताला काचेच्या चौकटीत संस्थेचा इतिहास टांगलेला दिसतो. पहिलं वाक्य असं: ‘पूर्वी येथे ओसाड जमीन होती.’ दरवर्षी नव्या मुलांच्या स्वागताला एखादी चुणचुणीत मुलगी हे वाक्य माइकवर म्हणते. ‘ओसाड’ला आवाज खाली नेते, संस्थापकांच्या नावाला वर चढवते. टाळ्या पडतात. मीही वाजवतो. वाक्य माझं आहे आणि खोटं आहे. हे आजवर एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

इतिहासाचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्याकडे इतिहासाचा विभाग नव्हता. मी मराठी शिकवायचो आणि वसतिगृहाचा रेक्टर होतो. म्हणजे दिवसा समास सोडवायचे, संध्याकाळी तुंबलेली बाथरूमं. पनवेलच्या बाहेर खाडीच्या अंगाला भराव टाकून उभं केलेलं हे महाविद्यालय तेव्हा उणंपुरं सहा वर्षांचं होतं. तपासणी समिती येणार होती आणि तिच्या फॉर्ममध्ये ‘वारसा व परंपरा’ असा एक रकाना होता. संचालकांनी बोलावून घेतलं.

“सर, आपल्याला इतिहास लागेल. गुरुवारपर्यंत.”

“किती जुना?” मी विचारलं. खरंच विचारलं.

“बघा, जमेल तेवढा.”

परंपरा तर आठवडाभरात उभ्या राहिल्या. एक वड क्रेनने आणून पारावर बसवला. त्याच्या सावलीत वर्षानुवर्षं वर्ग भरतात असं ठरलं. वडाच्या खोडाला अजून नर्सरीची चिठ्ठी होती, आणि सावली दुपारी जेमतेम एका प्राध्यापकाला पुरे. मुलांची चार ‘कुलं’ पाडून त्यांना नद्यांची नावं दिली. आपटा गावाकडची दोन-तीन मुलं होती, त्यांना तिथली पाताळगंगा हवी होती. “पाताळ कशाला?” संचालक म्हणाले. “नुसतं गंगा ठेवा.” ठेवलं.

मला विचाराल तर आमचा खरा इतिहास म्हणजे कूलरवरून झालेली मारामारी, जिन्यात निघालेला नाग, आणि परीक्षेच्या धसक्याने घरी पळालेले नि आयांनी कान धरून परत आणून सोडलेले काही वीर. पण रकान्यात हे बसत नव्हतं.

“मास्तर, हितला इतिहास लिवताय म्हनं?” मेसच्या मावशींनी चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं. मावशी जवळच्याच गव्हाण गावच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. बाकी सगळे मला सर म्हणायचे, त्या एकट्या मास्तर.

“हो, बघू.”

“मंग आमचा आगर लिवा.”

त्यांनी सांगितलं ते असं. आमची मेस आहे त्या जागी त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. पिठाच्या कोठीखाली उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं झडपेचं दार. शेजारच्या बांधावर खोपी होती आणि त्या खोपीत मावशींचा जन्म झाला. मीठ पिकलं की घरच्या सगळ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालायच्या. पुढे नवं शहर आलं, जमीन गेली, हात बदलत संस्थेकडे आली, आणि मावशी त्याच जागेवर पोळ्या लाटायला आल्या. प्रत्येक आगराला नाव असायचं. त्यांच्या आगराचं नाव त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी ते मेसच्या मेनूच्या कागदामागे लिहून घेतलं.

“येवडं घाला,” त्या म्हणाल्या. “माजं नाव नको. आगराचं. बापूस गेला, आगर गेला, नाव तरी कागदावर ऱ्हाऊ द्या.”

“घालतो,” मी म्हणालो.

आणि घातलंही. पहिल्या मसुद्यात चांगला परिच्छेद उतरला होता. संचालकांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“मीठ? समितीला मीठ कशाला दाखवायचं?”

“नाही, म्हणजे पूर्वी इथे लोक होते, ते...”

“तेच नको ना सर. लोक होते म्हटलं की विचारतात, कोण लोक? कुठे गेले? एखादा शब्द द्या की, ज्यात कुणी नव्हतंच. तुम्ही मराठीचे.”

मी नोकरीत कच्चा होतो, घाबरलो होतो, असं सांगून इथे सुटता आलं असतं. नव्हतो. कायम होतो. ‘असा शब्द नाही’ म्हणालो असतो तर फार तर ते आठवडाभर फुगून बसले असते. पण एखाद्या हुशार पोराला उत्तर येतं आणि त्याला हात वर केल्यावाचून राहवत नाही, तसं माझं झालं.

“ओसाड?” मी म्हणालो.

“वा!” संचालक म्हणाले. “म्हणून तुम्हाला बोलावलं.”

त्या ‘वा’ने मला दिवसभर बरं वाटत होतं.

समिती आली. मेसच्या सगळ्या बायकांना नव्या टोप्या घालून ओळीत उभं केलं होतं. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी मावशींना विचारलं, “इथे किती वर्षं आहात?”

“जल्मापास्नं,” मावशी म्हणाल्या.

सगळे कौतुकाने हसले. मीसुद्धा. पुढे अहवालात आलं, ‘कर्मचाऱ्यांची संस्थेवरील निष्ठा उल्लेखनीय.’

पुस्तिका छापून आली तशी मावशींनी पदराला हात पुसून एक प्रत घेतली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षराखाली बोट धरून वाचत. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं.

“ओसाड म्हंजी, जिथं कोनी नाय ते ना वो?”

“तो छापायचा शब्द असतो, मावशी. सगळीकडे तसंच लिहितात.”

“मंग आमी कोन व्हतो?”

मी घड्याळ बघितलं. लेक्चर आहे म्हणालो. नव्हतं.

“जावा, सायेब,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी मास्तर म्हटलं नाही. वाढायच्या नीट, पोळी गरम द्यायच्या, तब्येत विचारायच्या. माझी बढती मात्र कायम राहिली.

आता मावशी घरी असतात. यंदा पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची ठरली आणि काम पुन्हा माझ्याकडे आलं. या खेपेला नाव घालायचंच, असं ठरवून मी तो मेनूचा कागद शोधू लागलो. सापडला नाही. नाव आठवेना. पहिलं अक्षरसुद्धा आठवेना. ज्या माणसाने संस्थापकांच्या चार पिढ्या तोंडपाठ केल्या, त्याची ही स्मरणशक्ती.

गव्हाणला गेलो. मावशींच्या पुतण्याने तीन मजली घर बांधलंय, दारात दोन गाड्या. मावशी ओट्यावर बसून करंजा बंदरावरून आलेली सुकट निवडत होत्या.

“या सायेब, बसा. वाट चुकलात?”

चहा झाला. मी विषय काढला. सगळं सांगितलं; संचालकांनी शब्द मागितला होता आणि तो मी दिला, हेसुद्धा. त्या सुकटीतला कचरा काढत राहिल्या.

“म्हंजी तुमीच दिलाव.”

“मीच.”

“मना वाटलेलं, वरच्यांनी जबरी केली आसंल तुमच्यावर.” त्या जराशा हसल्या. “इतकी वरसं तुमची कीव करत व्हते मी.”

मी आगराचं नाव विचारलं. त्यांनी मान वर केली.

“नाय सांगनार.”

“मावशी, या वेळी नक्की...”

“एकदा दिलं व्हतं ना तुमाला? हरवलाव. आता माज्याजवल हाय तेवडं ऱ्हाऊ द्या.” मग आत बघून सुनेला हाक मारली, “गो, सायबांना सुकट बांधून दे.” नको म्हणायची माझी छाती नव्हती.

परत येऊन मी ‘ओसाड’ खोडला आणि लिहिलं: ‘पूर्वी येथे मिठागर होते. त्याला नाव होते. ते मला सांगितले गेले होते आणि मी लिहिले नाही.’ आता नवे संचालक आहेत, तरुण, अतिशय नम्र. त्यांनी स्वतः येऊन प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं.

“सर, हे थोडं पर्सनल होतंय. आणि ओसाड निगेटिव्ह होतंच, ते तुम्ही काढलंत हे उत्तम. मी लहानसा बदल केलाय.”

पहिलं वाक्य झालं होतं: ‘पूर्वी येथे निसर्गरम्य परिसर होता.’

मी प्रूफवर सही केली नाही. पुस्तिका माझ्या सहीवाचून छापली गेली, आणि छपाई यंदा फार सुबक आहे.